फुसका बार : एका बिनपावडरच्या काडतुसाची चौकशी

शनिवारी सकाळी साडेदहाचा सुमार, काउबॉय नेमबाजीच्या मॅचची तिसरी स्टेज, म्हणजे फेरी, चालू होती, रायफलची पाच काडतुसं नीट गेली होती आणि सहाव्याला चाप ओढला तर आवाज आला तो नुसता "ठक" असा, लांब कुठंतरी दार लागल्यासारखा. खांद्याला धक्का नाही, समोरच्या लोखंडी पाटीचा टण्ण नाही. आता बसून लिहितोय म्हणून हे सगळं सुटं सुटं सांगता येतंय, तेव्हा माझा हात लिव्हर खाली-वर करून मोकळासुद्धा झाला होता, सातवं काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसलं होतं आणि बोट चापाकडे निघालं होतं, तेवढ्यात मागून टायमरवाला जिवाच्या आकांताने ओरडला, "स्टॉप! स्क्विब! स्टॉप!"

मी थांबलो. नळी समोर बांधाकडेच ठेवली, लिव्हर उघडला, सातवं काडतूस बाहेर पडलं, आणि रायफल तशीच उघडी त्याच्या हातात दिली. तोवर काही वाटलं नाही, पाय कापायला लागले ते नंतर, अनलोडिंग टेबलावर त्याने नळीत पितळी गज घातला आणि तो पूर्ण आत गेलाच नाही तेव्हा. चेंबरच्या पुढे साधारण दोन इंचांवर गोळी अडकलेली होती. २५० ग्रेनची (ग्रेन म्हणजे पाउंडाचा सात हजारावा भाग), शिशाची. मी स्वतः माझ्या गॅरेजमध्ये भरलेली.

स्क्विब म्हणजे आपल्याकडे फुसका बार म्हणतात तो हाच. फक्त दिवाळीत फटाका फुसका निघाला तर फार तर पोरगं हिरमुसतं, इथे फुसक्या बाराच्या मागून खरा बार गेला तर नळी फुगते नाहीतर फाटते, आणि ती नळी डाव्या हाताच्या तळव्यात असते.

हे प्रकरण मी सविस्तर लिहायचं ठरवलं कारण शेवटी चूक जिथे सापडली तिथे मी सगळ्यात शेवटी बघितलं, आणि माझ्या ओळखीचे बरेच रीलोडिंगवाले, म्हणजे घरीच काडतुसं भरणारे, पण आधी तिथे बघणार नाहीत अशी माझी खात्री आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी. काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंग हा अमेरिकेतला खेळ, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात चालू झाला आणि १९८७ मध्ये त्याची सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी झाली, नियम तीच ठरवते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काळातल्या बंदुका किंवा त्यांच्या नकला, कपडे पण त्याच काळातले, आणि प्रत्येकाचं एक टोपणनाव, मॅचमध्ये त्याच नावाने हाक मारतात. दोन रिव्हॉल्व्हर, ज्यांचा घोडा दर बाराला अंगठ्याने मागे ओढावा लागतो, एक लिव्हरवाली रायफल आणि एक शॉटगन. साधारण एका स्टेजला रिव्हॉल्व्हरचे दहा, रायफलचे दहा आणि शॉटगनचे चार-सहा बार, ठरलेल्या क्रमाने. जितका वेळ लागेल तितका तुमचा स्कोर, आणि एक निशाण चुकलं की पाच सेकंद वाढतात. पाट्या जवळ असतात आणि चांगल्या मोठ्या असतात, त्यामुळे खरी मारामारी वेळेशी. नेमक्या त्यामुळेच फुसका बार इथे जास्त धोक्याचा, कारण हात आवाजासाठी थांबत नाही, लयीत चालतो. चांगले लोक दहा बार चार-पाच सेकंदांत काढतात, मला सात-आठ लागतात, तरी दोन बारांमध्ये एक सेकंदसुद्धा मिळत नाही. कानाला दोन-दोन संरक्षणं, वारं, बाजूच्या कप्प्यातला धुमधडाका, यात "ठक" आणि "धाड" मधला फरक स्वतः बार काढणाऱ्याला कळेलच असं नाही.

तो कळतो मागच्या माणसाला. या खेळात निशाण लागलं की नाही हे बघायला तीन वेगळे स्पॉटर असतात, टायमरवाल्याने पाट्यांकडे बघायचंच नसतं, त्याचे डोळे बंदुकीवर आणि हातांवर. आमचा त्या दिवशीचा टायमरवाला सत्तरीतला निवृत्त शिक्षक, माझ्यापासून हातभर अंतरावर. नंतर त्याने सांगितलं की मला आवाजावरून नाही, नळीवरून कळलं, नळी वर उचललीच गेली नाही. शिवाय नियमही असा आहे की स्क्विबचा संशय आला म्हणून थांबवलं आणि नळी मोकळी निघाली तर शूटरला स्टेज परत मिळते, म्हणजे ओरडणाऱ्याने चुकायची भीती बाळगायचं कारणच नाही. हा नियम ज्यांनी केला त्यांचे मी मनापासून आभार मानतो.

मी फिनिक्सजवळ राहतो, अ‍ॅरिझोनात. व्हिसावर होतो तोवर नुसता बघायला जायचो, कारण तेव्हा बंदूक बाळगायचे कायदे बरेच कडक असतात, ग्रीन कार्ड आल्यावर पहिली रायफल घेतली ती १८७३ च्या विंचेस्टरची इटालियन नक्कल, .४५ कोल्ट या काडतुसाची. भारतातल्या वाचकांना इथेच एक सांगून ठेवतो, आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली काडतुसं बनवायलासुद्धा परवाना लागतो, त्यामुळे यातलं काहीही घरी करून बघायचं नाही.

इथे मात्र रीलोडिंग हा या छंदाचा अर्धा भाग आहे. .४५ कोल्टची दुकानातली काडतुसं महाग, महिन्याला मॅच आणि सराव मिळून दोन-तीनशे सहज लागतात. उडवलेली पितळी पुंगळी परत वापरता येते, तिचा जुना प्रायमर (बुडातली टिकली, जी पेटून पावडर पेटवते) काढायचा, ती मापात आणायची, नवा प्रायमर, मोजून पावडर (बंदुकीची दारू), शिशाची गोळी, आणि तोंड दाबून घट्ट करायचं. माझं मशीन प्रोग्रेसिव्ह, म्हणजे खाली एक गोल फिरती प्लेट, तिच्यावर चार ठिकाणं, दांडा एकदा खाली-वर केला की चारही ठिकाणी एकेक काम होतं आणि प्लेट एक घर पुढे सरकते. पहिल्या घरात माप आणि प्रायमर, दुसऱ्यात तोंड किंचित उघडून पावडर, तिसऱ्यात मी हाताने गोळी ठेवतो ती बसते, चौथ्यात क्रिम्प, म्हणजे तोंड दाबणं. दर दांड्याला एक तयार काडतूस पेटीत पडतं.

आता .४५ कोल्टचं म्हणून जे दुखणं आहे ते समजून घ्या, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. हे काडतूस १८७३ चं, कोल्टच्या सिंगल अ‍ॅक्शन आर्मी रिव्हॉल्व्हरबरोबर आलेलं, आणि तेव्हा होती काळी दारू. मूळ भरणा ४० ग्रेनचा. एवढी काळी दारू भरली की पुंगळी गच्च भरते, गोळी बसवताना ती थोडी दाबलीच जाते. विसरायची सोयच नाही, रिकामी पुंगळी लांबून ओळखू येते आणि दुप्पट तर मावतच नाही. आज आपण वापरतो ती धूर नसलेली पावडर, तिची ताकद जास्त आणि आकारमान कमी, आणि आमच्या खेळात बार हलकेच असतात (रायफलला सेकंदाला १४०० फुटांची आणि रिव्हॉल्व्हरला १००० फुटांची वरची मर्यादा आहे, बहुतेक लोक त्याच्याही बरेच खाली असतात), त्यामुळे सव्वा इंचाहून उंच पुंगळीच्या तळाशी पावडर असते ती तांब्यात घोटभर पाणी राहावं तशी. दुप्पट पडली तरी मावते. काहीच नाही पडली तरी वरून, कमी उजेडात, घाईत, ते काळोखं भोक तसंच दिसतं. मध्यंतरी खास या जुन्या मोठ्या पुंगळ्यांसाठी ट्रेल बॉस नावाची पावडर मिळायची, छोट्या छोट्या कड्यांसारखे दाणे, फुगीर, पुंगळी छान भरायची आणि नजरेला दिसायची. गेली काही वर्षं ती बाजारातून गायब आहे आणि आम्ही सगळे परत बारीक चपट्या दाण्यांच्या पावडरींवर आलोय.

तर, प्रकरण. त्या आठवड्यात मंगळवारी रात्री मी चारशे काडतुसं भरली. पेटीत पन्नास जमले की काढून डब्यात लावायचे आणि डब्यावर आकडा टाकायचा ही माझी सवय, म्हणून एक ते आठ असे आठ डबे झाले. डब्यातला क्रम सांगता येत नाही कारण पेटीत ती कशीही पडतात, पण कुठलं काडतूस कितव्या पन्नासात भरलं गेलं ते नक्की सांगता येतं. मॅचला मी एक, दोन, तीन असे डबे नेले, रिव्हॉल्व्हरला एक नंबर, रायफलला तीन नंबर, दोन जादाचा. फुसकं निघालं ते तीन नंबरमधलं. माझी स्टेज रायफलपुरती तिथेच संपली, ते एक आणि न उडवलेली चार, पाच मिसचे पंचवीस सेकंद लागले. शॉटगन मारून स्टेज पूर्ण केली आणि मॅचमधून बाहेर पडलो. काहींनी त्यांची काडतुसं देऊ केली, मनापासून देत होते, पण घ्यायची इच्छा नव्हती, आणि नळी नीट तपासल्याशिवाय ती रायफल कुणीच वापरू नये.

अडकलेली गोळी तिथल्याच एका बंदुका दुरुस्त करणाऱ्या माणसाने काढली. नळीत थोडं तेल सोडलं, तोंडाच्या बाजूने पितळेचा जाड गज घातला आणि हलके हलके ठोकत गोळी मागे चेंबरकडे आणली. लाकडी दांडी वापरू नका हे त्याने दोनदा सांगितलं, लाकूड आत तिरकं चिरतं आणि पाचर बसते, मग गोळी परवडली पण ते लाकूड नको असं होतं. गोळी हातात आली तेव्हा तिच्या अंगावर नळीतल्या आट्यांच्या खुणा अर्ध्याच उमटलेल्या. ती गोळी आणि ती पुंगळी मी रुमालात बांधून घरी आणली.

घरी आल्यावर पहिला संशय अर्थातच पावडर मोजणाऱ्या भांड्यावर. सगळ्यांचा तिथेच जातो. चपटे दाणे कधी कधी नळकांड्यात एकमेकांना अडून कमान करतात, एका पुंगळीत कमी पडते आणि पुढचीत ती अडकलेली सगळी एकदम. हे खरं असेल तर प्रकरण फार वाईट, कारण मग कुठंतरी दीडपट-दुप्पट भरलेलं काडतूस बसलेलं असणार. दुसरा संशय हलक्या भरण्यावर, मोठ्या पुंगळीत थोडी पावडर असली आणि ती प्रायमरपासून लांब, गोळीच्या बाजूला सरकली तर नीट पेटत नाही असं होतं. तिसरा, पुंगळीत तेल किंवा ओल राहिली असेल.

पण पुंगळी काही वेगळंच बोलत होती. पावडर पेटली पण नीट नाही असं झालं असतं तर अर्धवट जळलेले पिवळट दाणे नळीत, चेंबरमध्ये, पुंगळीत सापडले असते, तेलाने भिजली असती तर गोळा होऊन चिकटलेली दिसली असती. मी रायफलचं आतलं पांढऱ्या कपड्याने पुसलं, एक दाणा नाही. पुंगळीत टॉर्च टाकला तर तळाला प्रायमरच्या भोकाभोवती काळा डाग आणि बाकी भिंत पिवळीधमक. गोळीचं बूड बघितलं, स्वच्छ शिसं, मधोमध रुपयाएवढाही नाही, शेंगदाण्याएवढा काजळीचा ठिपका. म्हणजे पावडर कमी नव्हती, खराब नव्हती, न पेटलेली नव्हती, तिथे पावडर नव्हतीच. एकट्या प्रायमरने गोळी ढकलली दोन इंच. रिव्हॉल्व्हर असतं तर कदाचित गोळी सिलिंडर आणि नळीच्या मध्येच अडकून सिलिंडर फिरायचा थांबला असता, आपोआप. रायफलमध्ये गोळी पुढे सरकून मागच्या काडतुसाला आरामात जागा करून देते, हाच तिचा कावा.

मग वजनाचा प्रयोग केला, कारण नेटवर आणि रेंजवर दहापैकी सात जण तेच सुचवतात, सगळी काडतुसं काट्यावर ठेव, हलकं निघेल ते रिकामं. डबा दोनमधली पन्नास मोजली. सगळ्यात हलकं आणि सगळ्यात जड यांच्यात नऊ ग्रेनचा फरक! माझी पुंगळी चार-पाच वेगवेगळ्या कंपन्यांची मिसळलेली, तिचंच वजन इकडेतिकडे, गोळीत एक-दोन ग्रेन कमीजास्त, आणि पावडर म्हणाल तर अख्ख्या काडतुसाच्या दोन टक्क्यांच्या आत. म्हणजे जे शोधायचं ते, जे आपोआप बदलतं त्याच्यापेक्षा लहान. काट्याने "सगळं ठीक" म्हटलं असतं आणि मी विश्वास ठेवला असता. हा उपाय एकाच कंपनीच्या पुंगळ्या असतील तर थोडाफार चालत असेल, मिसळीत अजिबात नाही, कृपया कुणी यावर हात-बोटं पणाला लावू नका.

तेव्हा उघडायलाच पाहिजेत. त्यासाठी एक पोकळ हातोडीसारखं हत्यार असतं, त्यात काडतूस उलटं अडकवायचं आणि फरशीवर दाणकन आपटायचं, झटक्याने गोळी आणि पावडर टोपीत येतात. डबा तीनची उरलेली चोवीस उघडली, प्रत्येकाची पावडर काट्यावर घेतली. चोवीसच्या चोवीस बरोबर, ०.१ ग्रेन इकडे किंवा तिकडे. कमान झाली असती तर एक रिकामं आणि शेजारचं भरमसाट असं मिळायला हवं होतं, आणि आधी उडवलेल्यांत एकाचाही धक्का वेगळा नव्हता. भांडं निर्दोष.

इथे मी दोन दिवस अडकलो. भांडं बरोबर, पावडर बरोबर, मशीन बरोबर, मग एकच पुंगळी उपाशी कशी राहिली?

उत्तर माझ्या समोरच टेबलावर होतं, रुमालात. गुरुवारी रात्री ती पुंगळी परत हातात घेतली आणि उलटी केली, आणि तेव्हा दिसलं की तिचा प्रायमर पांढरा आहे. चांदीसारखा. मंगळवारी मशीनमध्ये घातलेले सगळे प्रायमर पितळी रंगाचे, पिवळे. शनिवारी टेबलावर मी हीच पुंगळी बघितली होती, फोटोसुद्धा काढला होता, फोटोत पांढरा ठिपका स्वच्छ दिसतोय आणि मला दिसला नव्हता.

पांढरे प्रायमर घरात एकाच ठिकाणी होते. मशीनमध्ये नाही, हाताने प्रायमर बसवायच्या चिमट्यासारख्या हत्याराच्या वाटीत, जुन्या खोक्यातले उरलेले. मग सगळे डबे टेबलावर उघडले आणि नुसती बुडं बघत गेलो. डबा पाचमध्ये एक पांढरा. डबा सातमध्ये एक पांढरा. बाकी सगळे पिवळे.

तीन, पाच, सात. मशीनवरच्या प्रायमरच्या नळीत शंभर मावतात. म्हणजे १०१वं, २०२वं, ३०३वं. नळी संपल्याचं मला दर वेळी एक पुंगळी उशिरा कळत होतं.

आणि मग सगळं आठवलं, किंवा आठवलं म्हणण्यापेक्षा जुळवता आलं. नळी संपली की पुढची पुंगळी बिनप्रायमरची दुसऱ्या घरात जाते, तिच्यात पावडर पडते, आणि बुडाला तर भोक उघडं, दोन मिलिमीटरचं, त्यातून पावडर प्लेटवर सांडायला लागते. तिसऱ्या घरात आली की गोळी ठेवताना ती सांडलेली पावडर दिसते. मग मी ती पुंगळी काढतो, उरलेली पावडर परत भांड्यात, प्लेट ब्रशने साफ, नळी भरायची, आणि त्या एका पुंगळीला हाताने प्रायमर बसवून परत मशीनवर. पाच आणि सात नंबर डब्यांच्या वेळी मी ती परत दुसऱ्या घरात ठेवली, पावडर घ्यायला, बरोबर. ती दोन्ही काडतुसं उघडली, पावडर चोख. पहिल्या वेळी मात्र मी ती जिथून उचलली होती तिथेच ठेवली. तिसऱ्या घरात. तिच्यावर गोळी ठेवली आणि दांडा ओढला.

पहिल्याच वेळी का? फोनमध्ये नोंद आहे, मंगळवारी रात्री ८ वाजून ४२ मिनिटांनी आईचा व्हिडिओ कॉल, तेवीस मिनिटं. सांगलीत तेव्हा बुधवारची सकाळ, सव्वानऊ. ती रोज याच सुमाराला करते, जेवलास का, थंडी आहे का तिकडे, शेजारच्या काकूंचं ऑपरेशन झालं. मी हातातली प्रायमर बसवलेली पुंगळी टेबलावर ठेवली, खुर्ची वळवली आणि बोलत बसलो. कॉल झाल्यावर परत वळलो तेव्हा टेबलावर एक पुंगळी, नवा प्रायमर बसवलेली, तोंड उघडलेली, आणि प्लेटवर तिसरं घर रिकामं. बघणाऱ्याला काय वाटेल, ही इथलीच. हाताने ती घरात ठेवली. डोक्याला विचारलंच नाही. दोन-तीन हजार वेळा जे केलंय ते हात आपलं आपलं करतो, आणि ते दांड्याच्या लयीत असताना अगदी बरोबर करतो, लय तुटली की हाताला फक्त रिकामी जागा दिसते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, आणि यावर मी ठाम आहे, की प्रोग्रेसिव्ह मशीनवर धोका भरण्याच्या कामात फार थोडा असतो, तो असतो थांबण्यात आणि परत चालू करण्यात. फोन, प्रायमर संपणं, एखादी पुंगळी वेडीवाकडी अडकणं, कुणी गॅरेजचं दार उघडणं. आम्ही सगळे पावडरच्या भांड्यावर, काट्यावर, पुस्तकातल्या आकड्यांवर तासन् तास बोलतो, ते बोललंच पाहिजे, पण मशीन थांबलं तेव्हा प्लेटवरच्या चार घरांत कोण काय होतं यावर कुणी बोलत नाही.

आता मी काय करतो. मशीन कुठल्याही कारणाने थांबलं, अगदी शिंक आली म्हणून हात सुटला तरी, प्लेटवरची चारही पुंगळ्या काढायच्या. ज्यात पावडर असेल ती भांड्यात ओतायची. चारही रिकाम्या पुंगळ्या वेगळ्या लाल डब्यात टाकायच्या आणि त्या रात्री त्यांना हातच लावायचा नाही. चार पुंगळ्यांचं नुकसान म्हणजे काहीच नाही, दुसऱ्या दिवशी त्या वापरता येतात. हाताने प्रायमर बसवायचं हत्यार गॅरेजमधून उचलून घरात कपाटात ठेवलं, म्हणजे मोह नको. प्लेटच्या वर एक छोटा एलईडी दिवा लावला, तिसऱ्या घरातल्या पुंगळीत पावडर डोळ्याला दिसल्याशिवाय उजव्या हाताने गोळी उचलायची नाही. फोन घरात. आईला सांगितलं की मंगळवारी नऊनंतर कर, ती म्हणाली, "अरे मग तू कर ना, मी काय जागीच असते."

पावडर तपासायचा जो साचा मिळतो, पुंगळीत बारीक दांडी उतरते आणि पावडर नसेल किंवा दुप्पट असेल तर शिट्टी वाजते, तो मात्र मी थोडा विचार करून घेतला. माझ्या मशीनला घरं चारच, तो लावायचा तर बसवणं आणि क्रिम्प एकाच घरात करावं लागतं, आणि शिशाच्या मऊ गोळीला ते मला फारसं आवडत नाही, शिसं खरवडतं. शेवटी लावला. गोळी थोडी खरवडली तरी चालेल असं ठरवलं.

त्या दांडीवरून एक आठवलं. माझं आजोळ सावंतवाडीकडचं, तिथे शेजारी एका आजोबांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. ते बंदूक खाली काढली की आधी गज नळीत सोडायचे आणि तो बाहेर किती उरतो ते बघायचे, गजावर एक खाच होती, खाच नळीच्या तोंडाशी आली तर बंदूक रिकामी, वर राहिली तर आत बार आहे. मी लहानपणी ते दर वेळी बघितलंय आणि मला तो नुसता त्यांच्या रिवाजाचा भाग वाटायचा. ठासणीच्या बंदुकीत भरलेल्यावर परत भरणं हा जुना, जगभरचा अपघात आहे, आणि त्यावरचा उपाय पण जगभर हाच, खूण केलेला गज. माझ्या मशीनवर शिट्टी वाजवणारी दांडी तेच काम करते, आठवणीवर सोडत नाही.

राहिलेली ३१८ काडतुसं, म्हणजे पांढरा प्रायमर सापडल्यावर खरं तर निर्दोष ठरलेली, ती पण मी सगळी उघडली. दोन शनिवार-रविवार गेले, मनगट भरून आलं. बायको म्हणाली कारण सापडलंय ना, मग कशाला? कारण सापडलं होतं, पण ते मी जुळवलेलं होतं, बघितलेलं नव्हतं, आणि या रायफलींची जुनी टॉगलची (बिजागरीसारख्या जोडाची) रचना फार दाब सोसायच्या कामाची नाही. एकही काडतूस चुकीचं निघालं नाही. पावडर बागेत गुलाबांना घातली, तयार काडतुसातून काढलेली परत भांड्यात घालायची नसते, गोळ्या आणि पुंगळ्या परत वापरल्या.

रायफलची नळी तपासायला त्या दुरुस्तीवाल्याकडे दिली होती. मऊ शिशाचा एक गोळा, नळीपेक्षा केसभर मोठा, त्याने तोंडातून घातला आणि गजाने सावकाश ढकलत नेला, हाताला कुठे ढिला लागतो का बघत, कारण फुगवटा डोळ्यांना दिसण्याआधी हाताला लागतो. मग गज माझ्या हातात दिला, म्हणाला तूच बघ. तोंडापासून चेंबरपर्यंत सारखाच जोर लागला, जिथे गोळी अडकली होती तिथेही. पुढच्या महिन्याच्या मॅचला मी ती घेऊन गेलो, पाच स्टेज, पन्नास बार, आणि टायमर परत त्याच मास्तरांच्या हातात होता.